प्रथम वर्षाच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेतील मूलभूत कौशल्यांची चाचणी: एक प्रकरण अभ्यास

प्रथम वर्षाच्या जीवशास्त्र अभ्यासक्रमात प्रयोगशाळेचे गुण बहुधा तीन वाटांनी मिळतात: दर आठवड्याच्या प्रयोगाचा गटाने मिळून लिहिलेला अहवाल, प्रयोगवहीची तपासणी आणि सत्राच्या अखेरीस होणारी प्रात्यक्षिक परीक्षा. येथे मांडलेले प्रकरण ज्या विभागातील आहे, तेथेही हीच व्यवस्था होती. चार-चार विद्यार्थ्यांचे गट होते, प्रत्येक गट एक अहवाल सादर करी आणि त्याचे गुण चौघांनाही सारखे मिळत. अखेरच्या परीक्षेत स्लाइड, नमुने व उपकरणे ओळीने मांडून ठेवलेली असत. ती पाहून नाव, एखादे वैशिष्ट्य व कार्य लिहायचे, म्हणजे ज्याला सर्रास ‘स्पॉटिंग’ म्हणतात ते करायचे, की परीक्षा संपली. निकाल चांगले लागत होते आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

तक्रार आली ती वरच्या वर्गांतून. द्वितीय वर्षाला सूक्ष्मजीवशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र शिकवणाऱ्या अध्यापकांच्या लक्षात आले, की प्रयोगशाळेत उत्तम गुण घेऊन आलेले विद्यार्थी दहा मायक्रोलिटर द्रव घ्यायला सांगितले असता कोणती मायक्रोपिपेट (बटण दाबून अगदी थोडा द्रव मोजून घेण्याचे हातातले उपकरण) उचलावी येथेच अडतात. द्रावण दहापट विरल करायला सांगितले तर एक भाग द्रावणात दहा भाग पाणी घालतात. आणि सूक्ष्मदर्शकावर ४० पटीचे पदार्थभिंग लावलेले असतानाच मोठा स्क्रू फिरवून कव्हरस्लिप फोडतात. यांपैकी एकही गोष्ट त्यांना शिकवली गेली नव्हती असे नाही. प्रत्येक प्रयोगवहीत पिपेट वापरण्याची पद्धत सुवाच्य अक्षरात लिहिलेली होती आणि तिच्याखाली अध्यापकाची सही होती.

विभागाची पहिली प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणे ‘आणखी शिकवा’ अशीच होती. सत्राच्या सुरुवातीला उपकरणांवर एक जादा व्याख्यान ठेवण्याचा प्रस्ताव आला आणि तो जवळजवळ मंजूरही झाला होता. मात्र त्या बैठकीत गुणपत्रके समोर ठेवून एक साधा प्रश्न विचारला गेला: संपूर्ण सत्रात असा एक तरी गुण आहे का, जो एका विद्यार्थ्याने एकट्याने, स्वतःच्या हाताने काही करून मिळवला? तसा गुण नव्हता. अहवालाचे गुण गटाचे होते, प्रयोगवहीचे गुण लेखनाचे होते आणि स्पॉटिंगचे गुण स्मरणाचे होते. त्यामुळे कौशल्य शिकवले गेले की नाही हे सांगण्याचे कोणतेच साधन विभागाजवळ नव्हते, आणि अशा स्थितीत जादा व्याख्यानाचा उपयोग झाला की नाही हेही कधी कळले नसते.

कोणती कौशल्ये मूलभूत मानायची

पहिला महिना यादी करण्यातच गेला. अमेरिकन असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ सायन्स या संस्थेने पदवी स्तरावरील जीवशास्त्र शिक्षणासंबंधी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘व्हिजन अँड चेंज’ या अहवालात सहा क्षमता सांगितल्या आहेत: विज्ञानाची प्रक्रिया वापरणे, संख्यात्मक विचार करणे, प्रतिमाने व सदृशीकरण वापरणे, अन्य शास्त्रांशी सांधा जोडणे, संवाद व सहकार्य साधणे आणि विज्ञान व समाज यांचे नाते समजून घेणे. दिशा म्हणून ही यादी योग्य आहे, परंतु तिच्यावरून सोमवारी सकाळी टेबलावर काय मांडून ठेवायचे ते ठरत नाही. ‘संख्यात्मक विचार’ तपासायचा म्हणजे विद्यार्थ्यासमोर नेमके काय ठेवायचे, तो काय करील आणि त्यातले काय बरोबर मानायचे, हे प्रत्येक विभागाला स्वतःच ठरवावे लागते.

अध्यापकांकडून आलेल्या पहिल्या कच्च्या यादीत जवळजवळ सगळाच अभ्यासक्रम होता, कारण ज्याला जे शिकवायला आवडते ते त्याला मूलभूत वाटत होते. शेवटी एकच निकष लावण्यात आला: ज्याच्यावाचून पुढच्या वर्षीच्या कोणत्याही दोन वेगवेगळ्या विषयांतील प्रात्यक्षिक अडेल, तेवढेच मूलभूत. या चाळणीतून पाच गोष्टी उरल्या. मायक्रोपिपेटने ठरलेले आकारमान घेणे, क्रमाक्रमाने विरलीकरण करणे, सूक्ष्मदर्शकाखाली नमुना शोधून त्याच्या आकाराचा अंदाज करणे, आकडेवारीचा आलेख काढून तो वाचणे आणि एका साध्या प्रश्नासाठी नियंत्रित प्रयोगाची आखणी करणे. विच्छेदन गळले, जेल इलेक्ट्रोफोरेसिस गळले, वनस्पतीचे पातळ छेद घेणेही गळले. या शेवटच्या बाबतीत बरीच नाराजी झाली आणि ती अगदीच अनाठायी होती असे मला वाटत नाही, कारण पातळ छेद घेणारा हात कमावायला वेळ लागतो आणि तो नंतर कमावता येईलच याची खात्री नसते. पण चाळणी वापरायची ठरवली की काही चांगले दाणेही खाली पडतातच.

चाचणीचे स्वरूप

तीन पर्याय समोर होते. पहिला लेखी प्रश्नांचा. पिपेटचे चित्र देऊन त्यावरील आकडा वाचायला सांगणे, विरलीकरणाचे गणित घालणे, असे प्रश्न तपासायला सोपे असतात आणि मोठ्या वर्गाला झेपतात. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या संदर्भात मांडलेला चार पायऱ्यांचा पिरॅमिड येथे उपयोगी पडतो. तळाशी ‘माहीत आहे’, त्यावर ‘कसे करायचे ते माहीत आहे’, त्यावर ‘करून दाखवतो’ आणि शिखरावर ‘प्रत्यक्ष कामात करतो’. लेखी प्रश्न कितीही चतुराईने काढले तरी ते दुसऱ्या पायरीच्या वर जात नाहीत, आणि विभागाची अडचण तर नेमकी दुसऱ्या व तिसऱ्या पायरीमधल्या अंतराची होती. दुसरा पर्याय असा, की विद्यार्थ्याने स्वतःचे चित्रीकरण करून ते जमा करावे. यात वेळापत्रकाचा ताण नव्हता. पण दहा वेळा चुकून अकराव्यांदा जमलेले चित्रीकरण जमा होणार हे उघड होते, आणि तपासणाऱ्याचा वेळही काही वाचत नव्हता.

तिसरा पर्याय टेबलांचा. रोनाल्ड हार्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमधील डंडी येथे वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी जी परीक्षापद्धती विकसित केली आणि १९७५ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात परीक्षार्थी ठरावीक वेळाने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो, प्रत्येक टेबलावर एक मर्यादित काम करतो आणि त्याचे मूल्यमापन आधीच ठरवलेल्या तपाससूचीवरून होते. सगळ्यांना सारखे काम, सारखा वेळ आणि सारखी सूची मिळत असल्याने परीक्षकाच्या लहरीला वाव कमी राहतो. विभागाने हीच कल्पना उचलली, पाच कौशल्यांसाठी पाच टेबले ठरवली आणि एका तुकडीवर गुणांविना चाचणी घेऊन पाहिली.

या रंगीत तालमीत विद्यार्थ्यांपेक्षा परीक्षकांच्याच अडचणी अधिक दिसल्या. प्रत्येक टेबलावर दोन अध्यापक बसवून त्यांना एकमेकांशी न बोलता सूची भरायला सांगितले होते. ‘पिपेट योग्य रीतीने धरली’, ‘काळजीपूर्वक मिसळले’, ‘आत्मविश्वासाने हाताळणी केली’ अशा कलमांवर त्यांचे एकमत होईना. ज्याला एक अध्यापक सफाई म्हणे त्याला दुसरा घाई म्हणे. शिवाय पिपेटच्या टेबलावर एक चमत्कारिक गोष्ट निदर्शनास आली: सूचीतील सर्व पायऱ्या बिनचूक पार पाडणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी घेतलेले आकारमान चुकलेले होते, तर पिपेट वेडीवाकडी धरणाऱ्या काहींचे आकारमान अचूक होते. मग तपासायचे काय, हालचाल की हालचालीतून निघालेली वस्तू?

खूण की हालचाल

या प्रकरणातील सर्वांत उपयोगाचा निर्णय येथे झाला असे माझे मत आहे. प्रत्येक कौशल्यासाठी विभागाने स्वतंत्रपणे विचारले: विद्यार्थी निघून गेल्यावर टेबलावर अशी काही खूण उरते का, जिच्यावरून त्याने काय केले हे सांगता येईल? उरत असेल तर परीक्षकाने त्याच्याकडे टक लावून बसण्याची गरज नाही, खूण मोजावी. उरत नसेल, किंवा चुकीच्या मार्गानेही तीच खूण उमटत असेल, तरच पाहणारा माणूस बसवावा आणि त्याने फक्त डोळ्यांना निःसंशय दिसणाऱ्या मोजक्याच गोष्टी टिपाव्यात.

मायक्रोपिपेटच्या बाबतीत खूण फार बोलकी निघाली. १ मिलिलिटर पाण्याचे वस्तुमान २० अंश सेल्सियसला ०.९९८ ग्रॅम भरते, म्हणजे १०० मायक्रोलिटर पाणी ९९.८ मिलिग्रॅम भरायला हवे. विद्यार्थ्यासमोर २०, २०० व १००० मायक्रोलिटर क्षमतेच्या तीन पिपेट ठेवल्या, प्रत्येकीवरचा आकडा मुद्दाम बदलून ठेवला, आणि १०० मायक्रोलिटर पाणी पाच वेळा घेऊन दशांश मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणाऱ्या तराजूवरील कुपीत सोडायला सांगितले. प्रत्येक वेळचे वजन नोंदले गेले. कामाच्या वेळी कोणी शेजारी उभे राहिले नाही, तरी पाच आकड्यांवरून काय घडले ते बहुतेक वेळा वाचता येत होते.

अनेक प्रचलित पिपेटांवर तीनच आकड्यांची खिडकी असते आणि तिच्यात ‘१००’ असे दिसत असेल तर त्याचा अर्थ २० च्या पिपेटवर १०.० मायक्रोलिटर, २०० च्या पिपेटवर १०० मायक्रोलिटर आणि १००० च्या पिपेटवर १.०० मिलिलिटर असा होतो. ज्याचे प्रत्येक वजन १० मिलिग्रॅमच्या किंवा १००० मिलिग्रॅमच्या आसपास आले, त्याने खिडकी वाचली पण पिपेट ओळखली नाही, हे उघड होते. पाचही वजने एकमेकांच्या जवळ, पण सगळीच ठळकपणे जास्त असतील, तर विद्यार्थी द्रव ओढताना बटण पहिल्या थांब्याऐवजी (द्रव घेताना बटण जेथवर दाबायचे तो) दुसऱ्या, म्हणजे द्रव पूर्ण बाहेर काढण्याच्या, थांब्यापर्यंत दाबतो आहे. पाचही वजने विखुरलेली असतील तर बटण झटक्यात सोडणे, टिपचे, म्हणजे पिपेटला लावायच्या प्लास्टिकच्या नळीचे, टोक द्रवाबाहेर येऊन हवा शिरणे किंवा टिप सैल बसवणे यांपैकी काहीतरी घडते आहे. फक्त पहिले वजन कमी आणि पुढची चार नीट असतील, तर टिप आधी एकदा भिजवून घेतलेली नाही. सरासरी आणि विखुरणे या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे संख्याशास्त्राच्या तासाला कंटाळवाणे वाटणारे विधान येथे आपोआप अर्थपूर्ण होते.

सहनशीलतेची मर्यादा ठरवताना थोडे तारतम्य ठेवावे लागले. २०० मायक्रोलिटर क्षमतेच्या पिपेटसाठी आयएसओ ८६५५ हे मानक पूर्ण क्षमतेवर ०.८ टक्के, म्हणजे १.६ मायक्रोलिटर, एवढी पद्धतशीर चूक मान्य करते. तेवढीच चूक १०० मायक्रोलिटरवर १.६ टक्के होते, आणि ही झाली नव्या, तपासलेल्या उपकरणाची गोष्ट. वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांच्या हातांत फिरलेल्या पिपेटकडून त्याहून अधिक अपेक्षा करणे अन्यायाचे ठरले असते. म्हणून सरासरी ९७ ते १०३ मिलिग्रॅमच्या दरम्यान असावी असे ठरले, आणि परीक्षेच्या सकाळी प्रयोगशाळा सहायकाने प्रत्येक पिपेट स्वतः तपासून बाद करावी किंवा ठेवावी असा नियम झाला. १० मायक्रोलिटरची चाचणी मुद्दामच घेतली नाही. एवढ्या अल्प पाण्याचे वजन करताना बाष्पीभवन आणि तराजूची मर्यादा यांचाच गोंधळ अधिक होतो आणि दोष मात्र विद्यार्थ्याच्या माथी जातो.

विरलीकरणाचे टेबलही याच तत्त्वावर बसवले. एक गडद निळे रंगद्रव्य दिले आणि त्याचे पाचपट विरलीकरण लागोपाठ तीन नळ्यांत करायला सांगितले, म्हणजे प्रत्येक वेळी २०० मायक्रोलिटर द्रावण आणि ८०० मायक्रोलिटर पाणी. मूळ रंगद्रव्य असे निवडले होते, की पहिल्या नळीचा ॲब्सॉर्बन्स (द्रावण किती प्रकाश शोषते याचे यंत्राने दिलेले माप) ०.९० च्या आसपास यावा. मग दुसरीचा ०.१८ आणि तिसरीचा ०.०३६ यायला हवा, कारण या पल्ल्यात ॲब्सॉर्बन्स संहतीच्या सम प्रमाणात बदलतो. एक भाग द्रावणात पाच भाग पाणी घालण्याची नेहमीची चूक ज्याने केली, त्याच्या नळ्या ०.७५, ०.१२५ आणि ०.०२१ असे आकडे दाखवतात. म्हणजे लागोपाठच्या नळ्यांचे गुणोत्तर पाचाऐवजी सहा येते, आणि तेही दर वेळी सहाच येते. हाताची चूक अशी नेमाने येत नाही. समजुतीची चूक येते. पहिल्या नळीतले द्रावण न ढवळताच पुढे नेले असेल तर गुणोत्तर एका ठिकाणी पाचाच्या खाली व दुसऱ्या ठिकाणी वर असे वेडेवाकडे येते. जुन्या पद्धतीत या दोन्ही विद्यार्थ्यांना ‘उत्तर चूक’ म्हणून सारखेच गुण कापले गेले असते. आता एकाला गणित आणि दुसऱ्याला हात सुधारायचा आहे असे नेमके सांगता येऊ लागले.

सूक्ष्मदर्शकाच्या बाबतीत मात्र खूण पुरेशी नव्हती. स्पष्ट दिसणारी प्रतिमा चुकीच्या मार्गानेही मिळवता येते. ४० पटीच्या पदार्थभिंगाचे टोक आणि कव्हरस्लिप यांच्यातील अंतर एक मिलिमीटरहूनही कमी असते. त्या स्थितीत मोठा स्क्रू फिरवणाऱ्याला नशिबाने प्रतिमा सापडली तरी पुढच्या वेळी भिंगावर ओरखडा येणारच. म्हणून येथे परीक्षक ठेवला, पण त्याची सूची चारच कलमांवर आणली: सुरुवात सर्वांत कमी शक्तीच्या भिंगाने केली का, ४० पटीच्या भिंगावर फक्त बारीक स्क्रू वापरला का, नमुन्याखालच्या पडद्याचे (डायफ्रॅमचे) छिद्र कमीजास्त करून प्रकाश जुळवला का, दाखवायची पेशी क्षेत्राच्या मध्यभागी आणली का. प्रत्येक कलमाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. ‘आत्मविश्वासाने’ हे विशेषण कायमचे हद्दपार झाले.

याच टेबलावर आकाराचा अंदाज हा संख्यात्मक भागही जोडला. नेत्रिकेवर क्षेत्रांक (नेत्रिकेतील दृश्यक्षेत्राचा मिलिमीटरमधील व्यास) १८ लिहिलेला असेल तर १० पटीच्या पदार्थभिंगातून दिसणाऱ्या क्षेत्राचा व्यास १८ भागिले १०, म्हणजे १.८ मिलिमीटर असतो आणि ४० पटीच्या भिंगातून तो ०.४५ मिलिमीटर होतो. १० पटीच्या क्षेत्रात व्यासावर सहा पेशी लांबीच्या दिशेने मावत असतील तर एक पेशी सुमारे ०.३ मिलिमीटर, म्हणजे ३०० मायक्रोमीटर लांब आहे. कित्येक विद्यार्थ्यांना एकूण विशालन १० गुणिले ४० म्हणजे ४०० हे तोंडपाठ होते, पण त्या ४०० चा समोरच्या पेशीच्या आकाराशी काय संबंध आहे हे सांगता येत नव्हते. स्पॉटिंगच्या परीक्षेत हा प्रश्न कधी आलाच नसता.

आलेखाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. त्याला टेबलाची गरज नव्हती. विकराच्या क्रियेचे वेळ व वायूचे आकारमान दर्शवणारे आकडे देऊन सर्वांना एकत्र बसवून तो कागदावर घेतला. अक्ष, एकके, एरर बार (मोजमापातील विखुरणे दाखवणाऱ्या रेघा) कशाचे आहेत याचा उल्लेख आणि सुरुवातीच्या सरळ भागाच्या उतारावरून काढलेला वेग, एवढेच तपासले.

प्रयोगाच्या आखणीने मात्र विभागाला शेवटपर्यंत दमवले. ‘अमुक द्रव्यामुळे बियाणे लवकर रुजते असा दावा आहे, तो तपासण्यासाठी प्रयोग आखा’ असा खुला प्रश्न दिला तर उत्तरे इतक्या तऱ्हेची येतात, की नियंत्रक गट, एका वेळी एकच घटक बदलणे, पुनरावृत्ती, यादृच्छिक वाटणी आणि काय मोजणार याची व्याख्या हे मुद्दे ठरवूनही परीक्षकांचे एकमत होत नव्हते. कोणी ‘दोन गट घेईन’ एवढेच लिहिले तर त्याला नियंत्रक गट कळला असे मानायचे का? विभागाने अखेर या कौशल्याला गुण दिले, पण उत्तीर्ण-अनुत्तीर्णाचा निर्णय त्यावर अवलंबून ठेवला नाही.

एकमत किती खरे

परीक्षकांच्या एकमताचा हिशेबही नीट करावा लागला. सुधारलेल्या सूचीवर दोन परीक्षकांचे बहुतेक वेळा जुळते असे दिसल्यावर समाधान व्यक्त झाले, पण ते थोडे घाईचे होते. समजा दोन्ही परीक्षक दहापैकी नऊ विद्यार्थ्यांना एखाद्या कलमावर ‘हो’ देतात. मग त्यांनी विद्यार्थ्यांकडे न पाहता नुसते ठोकताळ्याने शेरे मारले, तरी ०.९ गुणिले ०.९ अधिक ०.१ गुणिले ०.१, म्हणजे ८२ टक्के वेळा ते निव्वळ योगायोगाने जुळतील. अशा कलमावर प्रत्यक्ष एकमत ८८ टक्के आले, तर जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये सुचवलेला कप्पा हा गुणांक जेमतेम ०.३३ येतो, कारण योगायोगापलीकडे मिळवण्यासारख्या १८ टक्क्यांपैकी केवळ ६ टक्केच एकमत मिळालेले असते. ज्या कलमावर जवळजवळ सगळेच उत्तीर्ण होतात त्याची विश्वासार्हता टक्केवारीवरून ठरवू नये, ही गोष्ट संशोधनात सगळे पाळतात आणि परीक्षेत सहज विसरतात. या हिशेबानंतर सूक्ष्मदर्शकाच्या सूचीतील दोन कलमांची शब्दयोजना बदलली.

उत्तीर्ण होण्याचा नियम आणि पुनर्चाचणी

पाच कौशल्यांच्या गुणांची बेरीज करायची की प्रत्येक टेबल वेगळे ओलांडायला लावायचे, यावर दोन तट पडले. बेरीज सोयीची असते आणि एखाद्याचा दिवस वाईट गेला तर त्याला सावरून घेते. पण ज्याला पिपेट वापरता येत नाही त्याचा आलेख सुंदर आहे, म्हणून तो पुढच्या वर्षी पिपेट वापरू शकेल असे होत नाही. पिपेट, विरलीकरण आणि सूक्ष्मदर्शक ही तीन टेबले स्वतंत्रपणे उत्तीर्ण होणे सक्तीचे करावे, असा निर्णय झाला. मात्र त्याचबरोबर सत्र संपेपर्यंत पुनर्चाचणीच्या संधी ठेवल्या आणि नंतर जमले म्हणून गुण कमी करायचे नाहीत असेही ठरले. अशा चाचणीत पेपर फुटण्याची भीती जवळजवळ राहत नाही. काय विचारणार हे सगळ्यांना आधीपासून माहीत असते. आकारमान किंवा विरलीकरणाचे प्रमाण बदलले की पुरे.

वेळेच्या मर्यादेबाबतही धोरण बदलले. तालमीत सर्व टेबलांना सारखी दहा मिनिटे दिली होती, आणि विरलीकरणात हळू पण नेमके काम करणारे विद्यार्थी तिसऱ्या नळीपाशी अडकले. वेग हे मूलभूत कौशल्यांच्या यादीत नव्हते, तेव्हा तो मागच्या दाराने गुणांत शिरू देण्याचे कारण नव्हते. त्या टेबलाला दुप्पट वेळ देण्यात आला.

अपंग विद्यार्थ्यांच्या सवलतींचा विचार करताना प्रत्येक टेबलाची पुन्हा उलटतपासणी झाली, आणि ती सुरुवातीलाच व्हायला हवी होती असे मला वाटते. हातांना कंप असलेल्या विद्यार्थ्याला बटण दाबून चालणारी इलेक्ट्रॉनिक पिपेट दिली तर कौशल्य तपासले जाते का? जाते, कारण पिपेटची निवड, आकारमान लावणे आणि टिपची हाताळणी हा कौशल्याचा गाभा आहे; अंगठ्याची ताकद नव्हे. रंग ओळखण्यात अडचण असलेल्याला विरलीकरणाच्या टेबलावर त्रास होत नाही, कारण वाचन यंत्र करते. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून प्रतिमा पडद्यावर मोठी दाखवणे सगळ्यांनाच उपलब्ध केले. सवलत देताना ‘नेमके काय तपासतो आहोत’ हे लेखी मांडावे लागते, आणि तसे मांडताना काही टेबलांवरील अनावश्यक अटी आपोआप गळून पडल्या.

चाचणीने उघडे पाडलेले

पहिल्या खऱ्या फेरीत जे दिसले ते विभागाच्या अपेक्षेहून वेगळे होते. अनुत्तीर्ण होणारे विद्यार्थी एकूण गुणांत मागे असलेले नव्हते. एकाच गटातील, सारखेच अहवाल-गुण असलेल्या चौघांपैकी एक पिपेटच्या टेबलावर सहज पार होई आणि उरलेल्यांपैकी कोणी ना कोणी अडखळे. विचारणा केल्यावर कारण सरळ निघाले. गट सत्रारंभी एकदा ठरले, की कामाची वाटणी आठवडाभरात पक्की होते: एकजण कायमचा पिपेट धरतो, एकजण वेळ मोजतो, एकजण आकडे लिहितो आणि एकजण अहवाल टंकतो. सर्वांत सफाईदार हात असलेल्यालाच दर वेळी सराव मिळतो, आणि ज्याला सरावाची गरज आहे तो वहीत पद्धत लिहीत बसतो. यात कोणाची लबाडी नव्हती. गटाला चांगला अहवाल हवा होता आणि त्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग त्यांनी शोधला होता. म्हणजे समान गुणांचा नियमच असमान सरावाला उत्तेजन देत होता.

म्हणून सर्वांत मोठा बदल परीक्षेत न होता तासिकेत झाला. दर आठवड्याला भूमिका फिरवण्याचा नियम झाला आणि अहवालाच्या पहिल्या पानावर कोणी काय हाताळले हे लिहिणे आवश्यक झाले. प्रत्येक तासिकेच्या प्रारंभी तराजूवर रंगीत पाण्याचे दोन-तीन थेंब टाकून आपली पिपेट तपासण्याची सवय लावली, आणि अहवालाचे वजन काहीसे कमी करून ते कौशल्य-चाचणीकडे वळवले. जे जादा व्याख्यान जवळजवळ मंजूर झाले होते, ते मागे पडले.

विरोधही झाला आणि त्याची दखल घेणे आवश्यक आहे. काही अध्यापकांचे म्हणणे असे, की अशी चाचणी प्रयोगशाळेला कार्यशाळा बनवते; विद्यार्थी पिपेटमध्ये निष्णात होतात, पण प्रश्न विचारायला शिकत नाहीत. या आक्षेपात तथ्य आहे, विशेषतः प्रयोगाची आखणी हेच कौशल्य सक्तीच्या यादीबाहेर राहिले असताना. जे सहज मोजता येते ते सक्तीचे आणि जे मोजायला कठीण ते ऐच्छिक, असा संदेश विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतोच, मग अध्यापक तोंडाने काहीही सांगोत. त्याला विभागाचे उत्तर असे, की ज्याची पाच वजने विखुरलेली आहेत त्याने आखलेला प्रयोग कितीही सुंदर असला तरी त्याचे निष्कर्ष विखुरलेलेच येणार. हे उत्तर खरे आहे, पण ते आक्षेपाच्या अर्ध्याच भागाला दिलेले आहे.

मनुष्यबळाचा प्रश्नही सुटलेला नाही. खुणेवरून तपासली जाणारी टेबले प्रयोगशाळा सहायक एकटा सांभाळू शकतो, परंतु सूक्ष्मदर्शकाच्या टेबलाला दर फेरीला एक अध्यापक पूर्णवेळ लागतो, आणि पुनर्चाचण्यांची गर्दी सत्राच्या शेवटच्या दोन आठवड्यांत एकवटते. पुढील सत्रापासून सूक्ष्मदर्शकाची चाचणी स्वतंत्र न ठेवता नेहमीच्या तासिकेतच, विद्यार्थी आपले काम करत असताना, चार कलमांच्या सूचीवरून उरकावी असा प्रस्ताव आहे. तसे झाले तर मिलर यांच्या चौथ्या पायरीच्या थोडे जवळ जाता येईल, कारण विद्यार्थी परीक्षेसाठी नव्हे तर कामासाठी सूक्ष्मदर्शक वापरत असेल. प्रयोगाच्या आखणीसाठी खुल्या प्रश्नाऐवजी एक सदोष आखणी देऊन तिच्यातील दोष शोधून दुरुस्त करायला सांगण्याचा मसुदा तयार झाला आहे. त्याची सूची दोन परीक्षकांकडून स्वतंत्रपणे तपासून, कप्पा समाधानकारक आल्यावरच ते कौशल्य सक्तीचे करायचे की नाही यावर विभाग मत घेणार आहे.